खेळाचे आयुर्मान : सावंतवाडीच्या गंजिफांच्या निमित्ताने

बाबराच्या आत्मचरित्रात इ. स. १५२७ च्या जून महिन्यातील एक त्रोटक नोंद आहे : सिंधच्या शाह हसन अर्घूनास गंजिफांचा मोठा शौक असून त्याने मागणी केल्यावरून मीर अली नामक सेवकाबरोबर त्या त्याजकडे रवाना केल्या. पानिपतच्या लढाईला जेमतेम वर्ष उलटले होते, खानव्याच्या रणांगणावरची धूळ पुरती बसली नव्हती, आणि हिंदुस्थानचे तख्त आपल्या वंशात टिकेल की नाही याची खुद्द बादशहालाही खात्री नसावी. अशा धामधुमीच्या काळात खेळाच्या पानांची रवानगी रोजनिशीत टिपून ठेवावीशी वाटली, यावरून त्या खेळाची प्रतिष्ठा केवढी होती हे ध्यानी येते. या देशातील पत्त्यांच्या खेळाचा पहिला विश्वसनीय उल्लेख म्हणून अभ्यासक याच नोंदीकडे बोट दाखवितात. तेथून निघालेला हा खेळ सह्याद्री उतरून सावंतवाडीच्या चितारआळीत कसा स्थिरावला, वाटेत त्याने किती रूपे पालटली, आणि प्रत्येक रूप किती काळ टिकले, हा इतिहास स्वतंत्रपणेही मनोरंजक आहे. परंतु तो आज सांगावासा वाटतो तो एका अगदी अर्वाचीन वादामुळे.

टीव्हीला जोडून खेळावयाचे जे यंत्र, ज्याला हल्लीची मुले कन्सोल म्हणतात, त्याच्या पिढ्या मोजण्याचा एक प्रघात पडलेला आहे. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन १९९४ साली आले. त्याची दुसरी पिढी २००० साली, तिसरी २००६ साली, चौथी २०१३ साली आणि पाचवी २०२० साली आली. म्हणजे सरासरी साडेसहा वर्षांनी जुने यंत्र पायउतार होते आणि नव्याची द्वाही फिरते. ही मुदत फार थोडी की फार मोठी, यावर खेळणारे आणि बनविणारे हिरिरीने भांडतात. नवे यंत्र लवकर यावे म्हणजे चित्रे अधिक सजीव होतील, असे एका पक्षाचे म्हणणे. पहिली दोन-तीन वर्षे तर कारागिरांना यंत्राची नाडी ओळखण्यातच जातात, उत्तम खेळ निर्माण होऊ लागतात तोच ते यंत्र निकालात निघते, असे दुसऱ्या पक्षाचे गाऱ्हाणे. दोन्ही पक्षांचा मुद्देसूदपणा मान्य करूनही मला असे वाटते की हा प्रश्न काही प्रथमच उपस्थित झालेला नाही, आणि त्याचा एक जुना मुकदमा तळकोकणातच चालून गेलेला आहे.

अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त गंजिफांचे वर्णन केले आहे ते एखाद्या दफ्तरदाराला शोभेल अशा बारकाईने. त्याने जो जुना प्रकार म्हणून सांगितला आहे त्यात बारा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, मिळून १४४ पाने होती. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती अशी त्या रंगांची नावे. आणि त्यांतील अश्वपती म्हणजे दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती म्हणजे ओरिसाच्या राजासारखा, नरपती म्हणजे विजापूरच्या सुलतानासारखा, असा खुलासाही त्याने जोडून दिला आहे. अकबराने या रचनेत फेरफार केले. पुढे सर्वत्र रूढ झाली ती मोगल गंजिफा आठ रंगांची आणि ९६ पानांची : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. राजमुकुट, रुप्याचे नाणे, शस्त्रागार, सेवकवर्ग, वाद्यशाळा, सोन्याचे नाणे, हुकूमनामे आणि जामदारखाना, असा बादशाही कारखान्यांचा सबंध आराखडाच त्या आठ रंगांत उतरलेला दिसतो. प्रत्येक रंगात एक शाह, एक वजीर आणि एकापासून दहापर्यंतची पाने. त्यातही खुबी अशी की चार रंग वरचढ आणि चार कमजोर. वरचढ रंगांत वजिराखालोखाल दश्शीचा मान, तर कमजोर रंगांत क्रम उलटा, तेथे एक्का श्रेष्ठ आणि दश्शी सर्वांत कनिष्ठ. दिवसा डाव मांडला तर सुर्खाच्या शाहाने आरंभ करावयाचा आणि रात्री मांडला तर सफेदच्या शाहाने, कारण एक सूर्याचे सोने आणि दुसरी चंद्राची चांदी.

या मोगल पिढीच्या पोटातून, किंवा तिच्या शेजारी म्हणा, दशावतारी गंजिफा जन्मली. तिचा उगम नेमका कोठला याविषयी प्रांतोप्रांतीचे अभिमान निराळे आहेत. बंगालातील विष्णुपूर तो आपल्याकडे ओढते, ओरिसा आपल्याकडे. रचना मात्र स्पष्ट आहे : विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा अंकी पाने, एकूण १२० पाने. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू, रामाची बाण, अशी चिन्हे असल्यामुळे फारशी न जाणणाऱ्यालाही हा खेळ सहज आकळे. दिवसा-रात्रीचा नियम येथेही राहिलाच, फक्त सुर्ख आणि सफेद यांच्या जागी दिवसा राम आणि रात्री कृष्ण आला. एका दरबारी खेळाचे दैवतीकरण इतक्या सफाईने झाले की मूळ सांगाडा तसूभरही हलला नाही.

सावंतवाडीत हा खेळ अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या अमदानीत आला असे सांगितले जाते. शास्त्रार्थासाठी तेलंगणातून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनी तो आपल्याबरोबर आणला आणि राजाश्रयामुळे येथील चिताऱ्यांनी त्याची कला उचलली, अशी परंपरा आहे. दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून ‘राजेबहादुर’ हा किताब मिळविणाऱ्या या संस्थानिकाच्या दरबारात दिल्लीचा एखादा शौक रुजला नसता तरच नवल. परंतु दहा अवतारांची गंजिफाच येथे विशेष का मानवली याचे उत्तर मला दरबारापेक्षा देवळाच्या सभामंडपात अधिक सापडते. कार्तिकापासून पुढे गावोगाव जत्रा भरू लागल्या की रात्ररात्र दशावतारी नाटके चालतात. आरंभीच्या आडदशावतारात संकासुर येऊन वेद पळवितो आणि पुढे आख्यान रंगते, ते बहुतांशी लेखी संहितेवाचून, नटांच्या हजरजबाबीपणावर. ज्या प्रदेशातल्या शेतकऱ्याच्या पोराला अवतारांचा क्रम बाराखडीआधी तोंडपाठ होतो, त्या प्रदेशात ज्याचे रंग लक्षात ठेवावयास मुळी शिकवावेच लागत नाही असा खेळ रुजावा यात आश्चर्य ते काय?

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. जुन्या कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, वाळवावयाचे, त्यावर खडूची पूड आणि खळ यांचा लेप द्यावयाचा, आणि तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. घोटाई पुरी झाली की त्यातून गोल चकत्या कापून घ्यावयाच्या. मग अस्तराचा रंग, त्यावर आकृती, आणि शेवटी लाखेचे रोगण. पाठ एकरंगी आणि निर्दोष असली पाहिजे, कारण पाठीवर एखादा डाग राहिला तर समोरच्या खेळाडूला पान ओळखता येते आणि डावात लबाडी शिरते. अंकी पानांवर चिन्हे नुसती मोजून मांडलेली नसतात. दहा मासे एका इवल्या वर्तुळात एकमेकांच्या शेपट्या न तुडविता बसवावे लागतात, आणि अशी अंकी पाने शंभर, हात न थरथरता. कोकणातला पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना लाखेच्या त्या थराचे महत्त्व निराळे सांगावयास नको; ज्या हवेत पायताणापासून पोथीपर्यंत सर्वांवर श्रावणात बुरशी धरते, तेथे उघड्या रंगाचे पान दोन पावसाळेही काढीत नाही. याच हातांनी चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे आणि खेळणीही करीत, म्हणून गंजिफांचे गिऱ्हाईक नसले तरी चूल पेटती राही, आणि कला मरता मरता वाचली ती या जोडधंद्यामुळे, ही गोष्ट राजाश्रयाच्या वर्णनात बहुधा राहून जाते.

खेळ तिघांचा. चादर अंथरून तीवर पाने पालथी टाकावयाची, हातांनी कालवावयाची आणि वाटून घ्यावयाची; दशावतारी गंजिफेत एकेकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात, आणि ती गोल असल्यामुळे पंख्यासारखी धरताना नवशिक्याची तारांबळ उडते. या खेळात हुकूम नाही. एखाद्या क्षुद्र दुर्रीने दुसऱ्या रंगाच्या राजाला अवचित मारावे असा क्रांतिकारक प्रसंग येथे संभवत नाही. राजा तो राजा, प्रधान तो प्रधान, आणि कोणते पान आता आपल्या रंगात सर्वश्रेष्ठ उरले आहे हे ज्याच्या ध्यानात राहते तो जिंकतो. दहा रंग, त्यांपैकी निम्म्यांचा क्रम सुलटा आणि निम्म्यांचा उलटा, खेळून गेलेली पाने पालथी पडलेली, आणि वर प्रतिस्पर्धी मुद्दाम गप्पा मारून ध्यान विचलित करण्यात पटाईत. हा सबंध कारभार स्मरणशक्तीच्या जोरावर चालवावा लागे, आणि अशी स्मरणशक्ती एका हंगामात तयार होत नाही. ती घरातल्या जाणत्याच्या शेजारी बसून, आधी नुसते पाहून, मग त्याच्या आजारपणात त्याची पाने हाती घेऊन, वर्षानुवर्षांनी येते.

येथेच मला या खेळाच्या दीर्घायुष्याचे मर्म दिसते. चितारआळीतला पानांचा जोड झिजला, एखादे पान उंदराने कुरतडले किंवा विहिरीत पडले, तर चिताऱ्याकडून तेवढे पान पुन्हा रंगवून घेता येई, किंवा फारच झाले तर नवा जोड आणता येई. खेळ तोच राही. श्रीमंताने हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची ‘दरबारी कलम’ वापरावी, सामान्याने कापडाची ‘बाजारी कलम’. डाव एकच, नियम एकच, आणि दरबारात हरलेला मनुष्य बाजारात बसूनही तितक्याच कौशल्याने हरू शके. साधनाचे आयुष्य निराळे आणि खेळाचे निराळे, ही फारकत त्या काळी इतकी स्वाभाविक होती की कोणी तिचा उच्चारही केला नाही. बारा रंगांचा प्रकार मागे पडून आठ रंगांचा आला, त्याच्या शेजारी दहांचा आला. पण मोगल गंजिफा खेळणाऱ्याच्या घरी जाऊन कोणी त्याची पाने जप्त केली नाहीत. १८७१ साली औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचला, तेव्हाही त्यांनी गंजिफेला त्यात मानाचे स्थान दिले. म्हणजे बाबराच्या नोंदीनंतर साडेतीनशे वर्षांनीही तिचे नियम लिहून ठेवण्याइतके जिवंत होते.

उलट उदाहरण हवे असेल तर म्हैसुरास जावे. तेथील मुम्मडी कृष्णराज वडियार या विद्याव्यासंगी राजाने ‘श्रीतत्त्वनिधी’च्या एका भागात नव्यानव्या गंजिफांच्या रचना सिद्ध केल्या, रंग वाढविले, पाने वाढविली, ग्रह आणि देवदेवता यांची सेनाच त्यात उभी केली. चित्रे अप्रतिम आहेत. पण एका प्रकारात हात बसतो न बसतो तोच दुसरा अधिक बिकट प्रकार पुढे येत असल्यामुळे असेल, त्या रचना राजवाड्याच्या बाहेर फारशा गेल्या नाहीत आणि राजाच्या पश्चात खेळणाराही उरला नाही. अशा राजांची परंपरा नंतर जपानात चालू राहिली असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. सेगा या कंपनीने १९९४ साली जुन्या यंत्राला जोडावयाचे एक उपयंत्र आणि त्याच साली एक सर्वस्वी नवे यंत्र, असे दोन्ही बाजारात आणले. चारच वर्षांनी, १९९८ साली, जपानात ड्रीमकास्ट नावाचे आणखी एक आणले. आणि २००१ साली यंत्रनिर्मितीच सोडून दिली. ड्रीमकास्ट उत्तम होते, हे त्याचे विरोधकही कबूल करतात. गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र आधीच खर्ची पडला होता.

गंजिफेचा ऱ्हास कोणा नव्या गंजिफेने केला नाही, तो परक्या पत्त्याने केला. लंडनच्या टॉमस दे ला र्यू याने १८३१ साली पत्ते छापण्याच्या आपल्या कृतीची सनद मिळविली. बेल्जियमातील टर्नहाउट गावी याच धंद्याचे कारखाने उभे राहिले. आणि बावन्न चौकोनी पाने, सुबक छपाई, मुठीत मावणारा आकार आणि चिताऱ्याच्या मजुरीच्या मानाने नगण्य किंमत, असा माल आगबोटीने हिंदुस्थानच्या बंदरांत येऊन पडू लागला. सावंतवाडीचा कारभार १८३८ सालीच इंग्रज सुपरिंटेंडेंटाच्या हाती गेला होता. ज्या दरबाराच्या खर्चाची प्रत्येक बाब साहेबाच्या मंजुरीस जाते, त्या दरबारात गंजिफांच्या जोडासाठी मुक्त हस्ते रक्कम कोण लावणार? पण केवळ स्वस्ताईचा हा विजय नव्हे. नवा खेळ चौघांचा होता, जोडीजोडीने खेळता येई, आणि त्यात हुकूम होता. त्यामुळे कच्च्या खेळाडूलाही नशिबाच्या जोरावर राजा मारण्याचे सुख मिळे. गणपतीच्या दिवसांत भजन आटोपल्यावर माजघरात चालणारे मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि झब्बू पहाटेपर्यंत का रंगतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला गंजिफा का हरली हे समजावून द्यावे लागणार नाही. तासाभरात शिकता येणाऱ्या खेळाने जन्मभर शिकावयाच्या खेळाला हटविले.

त्याच गणपतीच्या दिवसांत, नव्वदच्या दशकात, मुंबईचे चाकरमानी मुलांसाठी एक निराळी वस्तू बॅगेतून आणू लागले. टीव्हीच्या मागे तार जोडून खेळावयाचा तो ‘व्हिडिओ गेम’, दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि लाखो खेळ असल्याची बढाई मारणारी पिवळी किंवा लाल कॅसेट. प्रत्यक्षात खेळ मोजके, बाकीची त्यांचीच पुनरावृत्ती. हे यंत्र बहुधा निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल असे. मूळ फॅमिकॉम जपानात १९८३ साली आले होते आणि १९९० साली त्याचा वारस गादीवर बसला होता. म्हणजे कंपनीच्या हिशेबाने जी पिढी सात वर्षांत संपली तिचा मालवण-वेंगुर्ल्याकडे उदय झाला तोच मुळी तिच्या निवृत्तीनंतर. पावसाळी दमट हवेने कॅसेटचे संपर्क गंजत, मग मुले ती काढून तोंडाने फुंकत आणि पुन्हा खुपसत. लाईट गेली की कॉन्ट्रामधले कमावलेले सारे प्राण एका क्षणात जात आणि सबंध आळीचा सुस्कारा ऐकू येई. पण एकदा मारिओ शिकलेला थोरला भाऊ धाकट्याला शिकवू शकला, आणि धाकटा मामेभावाला, कारण यंत्र बदलले नव्हते. खुद्द जपानातही फॅमिकॉमचे उत्पादन २००३ सालापर्यंत चालू होते, आणि सोनीचे २००० सालचे प्लेस्टेशन २०१३ च्या आरंभापर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होते. कंपनीने ठरविलेली मुदत आणि लोकांनी वापरलेली मुदत यांत असे दुपटीचे अंतर पडते, ही गोष्ट वादाच्या दोन्ही पक्षांनी हिशेबात धरलेली दिसत नाही.

तेव्हा पिढी किती वर्षांची असावी, या प्रश्नाला माझे उत्तर सांगावयाचे तर ते असे, की एका मुलाने खेळ शिकून, त्यात पारंगत होऊन, तो दुसऱ्याला शिकवावा एवढी मुदत तरी तिला मिळाली पाहिजे; आणि ती सहा वर्षांत मिळत नाही, दहा-बारा वर्षे लागतात. निन्टेंडोच्या स्विच या यंत्राने २०१७ पासून २०२५ पर्यंत आठ वर्षे काढली, त्यातच त्याच्या यशाचा एक वाटा असावा असा माझा तर्क आहे. परंतु खरी गोम वर्षांच्या आकड्यात नाही. नवे यंत्र जुने खेळ चालवीत असेल तर त्याने खुशाल पाच वर्षांनी यावे. चिताऱ्याने नवा जोड रंगविला म्हणून कोणाचा खेळ बुडाला नाही. जेथे यंत्राबरोबर खेळही गाडला जातो तेथे मात्र पंधरा वर्षेही अपुरी. जुने खेळ कंपन्या पुन्हा पैसे घेऊन नव्या यंत्रावर विकतात, याला व्यापार म्हणावे की खंडणी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सावंतवाडीत पुढे जे घडले ते सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. संस्थान १९४८ साली विलीन झाले, आणि गंजिफा रंगविणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. श्रीमंत शिवरामराजे सावंत भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली, आणि १९७१ साली सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था काढून तरुण कारागिरांना राजवाड्यातच कामास बसविले. मुंबईत स्थायिक झालेले मूळचे जर्मन कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांनी गंजिफांचा व्यासंग केला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ साली गंजिफांचे प्रदर्शन भरले तेव्हा जगभरच्या संग्राहकांची मागणी वाढली. जोड विकले जाऊ लागले, रंग पुन्हा वाटले जाऊ लागले. विकत घेणाऱ्यांपैकी दशावतारी डाव मांडू शकणारे विरळाच. म्हणून कारखान्याने व्यवहार ओळखून एक नवा माल काढला. हात तोच, घोटाई तीच, लाख तीच, पाने गोल आणि वेलबुट्टी दरबारी; पण त्यांवर चितारलेले रंग चार, इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर, आणि पाने बावन्न, म्हणजे गिऱ्हाइकाने घरी नेऊन रमी खेळावी.